शिकवावे कसे, याचेही शिक्षण असते



घरात पदवी झालेला मुलगा, मुलगी किंवा सून असेल, तर हा लेख त्यांना वाचायला द्याच. पण त्याआधी आपण स्वतः वाचा. कारण फी आपल्या खिशातून जाणार आहे आणि निर्णयही घरच्या ओट्यावर बसूनच व्हायचा आहे.

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला, कुठेही जा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेली मुले वस्तीवस्तीवर आहेत. कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके चाळतो, कोणी बागेत फवारणी करतो, कोणी कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसतो. मुलींचे तर पदवी झाली की स्थळे पाहणे सुरू होते. अशातलेच एखादे मूल हल्ली म्हणते, "मला संगणक आणि मोबाइलच्या साहाय्याने शिकवण्याचे शास्त्र शिकायचे आहे. पदवीनंतर त्याचा अभ्यासक्रम असतो." ऐकून घरातली वडीलधारी माणसे बुचकळ्यात पडतात. "अरे, एमएस-सीआयटी तर केलेस ना? प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे. आता आणखी कसला संगणक?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

हे वेगळे, ते वेगळे

एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने तो गावोगाव नेला. त्यात संगणक वापरावा कसा हे कळते. पण ट्रॅक्टर चालवता येणे आणि रान वाफशावर आले आहे की नाही हे ओळखणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपणास सांगायला नको. ट्रॅक्टर आठवड्यात चालवता येतो. वाफसा ओळखायला जमिनीचा अभ्यास लागतो.

शिकवण्याचेही तसेच आहे. मोबाइलवर चित्रफीत काढणे सोपे आहे. पण शिकणारा कोण, त्याला आधीपासून काय येते, तो कोठे अडतो, किती वेळ लक्ष देऊ शकतो, आणि शिकवल्यावर त्याला खरोखर आले की नाही हे कसे तपासायचे, याचे एक शास्त्र आहे. त्याला शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणतात. नावात तंत्रज्ञान असले तरी त्यातला मोठा भाग माणसाच्या शिकण्याविषयी आहे, यंत्राविषयी थोडा.

नुसत्या यंत्राने काय होते?

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तेथील सरकारने खेड्यातल्या शाळांमधून मुलांना छोटे संगणक वाटले. पुढे ३१९ शाळांची पाहणी झाली आणि २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संगणक मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली, तर गणितात आणि भाषेत मुले काही पुढे गेलेली दिसली नाहीत. यंत्रे आली होती. पण ती वापरून शिकवायचे काय आणि कसे, याची तयारी पुरेशी झाली नव्हती. बियाणे उत्तम आणले आणि मशागत राहून गेली, त्यातला हा प्रकार.

आता उलट उदाहरण पाहा, तेही शेतीचे. कर्नाटकात २००६ पासून 'डिजिटल ग्रीन' या नावाने एक प्रयोग सुरू झाला. गावातल्याच शेतकऱ्याने केलेले काम कॅमेऱ्यावर टिपायचे आणि संध्याकाळी शेजारच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून दाखवायचे. १६ गावांत याची परीक्षा घेतली गेली. आठ गावांत ही पद्धत, आठ गावांत नेहमीची विस्तार पद्धत. चित्रफितीच्या गावांत सांगितलेली सुधारणा उचलण्याचे प्रमाण सुमारे सातपट आढळले.

यातली मेख कोठे आहे, ती ध्यानात घ्या. चित्रफीत लावून कोणी निघून जात नव्हते. गावातलाच एक शिकवलेला माणूस तेथे उभा असे. तो मध्येच चित्र थांबवी, प्रश्न विचारी, शंका ऐकून घेई, आणि नंतर कोणी काय करून पाहिले याची नोंद ठेवी. कोठे थांबवायचे आणि काय विचारायचे, हीच त्या माणसाची विद्या.

आपल्या देशाला हे नवीन नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत झाला. त्यात ऑक्टोबर १९७५ मध्ये सुमारे २४ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले. तेथेही नुसता पडदा नव्हता. सोबत छापील साहित्य होते आणि करून पाहण्याचे प्रयोग होते.

आणि आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर जगभर गेले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा पाहता येतो. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक त्यांना न समजणाऱ्या भाषेत. म्हणून प्रथम त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. चौकोनी ठिपक्यांचा तो कोड छापणे कोणालाही जमेल. मूल कोठे अडले आहे ते आधी शोधणे, हे शिक्षकाचे काम.

या अभ्यासात असते तरी काय?

नाव कानाला जड लागते, म्हणून आपल्या बागेतलेच उदाहरण घेतो.

समजा, द्राक्षबागायतदारांना एक टक्का बोर्डो मिश्रण करायला शिकवायचे आहे. माहिती चार ओळींची. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात निम्म्या पाण्यात विरघळवायचे, चुना उरलेल्या निम्म्या पाण्यात वेगळा निवळायचा, मग दोन्ही एकत्र करायचे. मोबाइलवर हे लिहून पाठवले की आपले काम झाले, असे बऱ्याच जणांना वाटते.

हे शास्त्र शिकलेला माणूस असे करीत नाही. तो पहिला प्रश्न विचारतो: धडा संपल्यावर शेतकऱ्याला काय करता आले पाहिजे? उत्तर असे की, त्याला मिश्रण बनवता आले पाहिजे आणि ते बरोबर झाले की नाही हे स्वतः ओळखता आले पाहिजे. याला उद्दिष्ट ठरवणे म्हणतात. दुसरा प्रश्न: माणसे चुकतात कोठे? कोणी मोरचूद लोखंडी टिपात भिजवतो. कोणी विरलेला, जुना चुना वापरतो. कोणी मिश्रण आज करून परवा फवारतो. म्हणजे धड्याचा भर या तीन ठिकाणी हवा. तिसरा प्रश्न: हे दाखवायचे कशाने? प्रमाण कागदावर दिले तरी चालेल, पण रंग शब्दांनी कळत नाही. तेथे चित्र हवे. घासलेले लोखंडी पाते मिश्रणात बुडवले आणि त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. आणखी चुन्याची निवळी घालायची. हा तांबूस रंग अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत जसा कळतो तसा दोन पानांत कळत नाही. आणि चौथा प्रश्न: आले की नाही, हे तपासायचे कसे? "समजले का?" असे विचारले की सगळेच माना डोलावतात. त्याऐवजी पात्याचे चित्र दाखवून "आता काय कराल?" असे विचारले, तर खरे काय ते कळते.

तीस वर्षे मेळावे आणि शेतीशाळा घेताना एक गोष्ट मी पुनःपुन्हा पाहिली आहे. ज्या दिवशी पाते शेतकऱ्याच्या हातात दिले, त्या दिवशीचे शिक्षण त्याच्या घरी पोहोचले. माझ्या बी.एस्सी.च्या काळात पिकाचे शास्त्र भरपूर शिकवले. शिकवण्याचे शास्त्र त्या मानाने थोडेच होते. आजच्या मुलांना ते स्वतंत्रपणे शिकण्याची सोय आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात हेच सारे पद्धतशीर येते. माणूस शिकतो कसा याचे मानसशास्त्र, पाठाची आखणी, चित्रफितीची संहिता लिहिणे, ध्वनिफीत आणि छापील साहित्य यांची जोड, मूल्यमापन, दूरशिक्षणाची पद्धत, आणि शेवटी स्वतः एखादा पाठ तयार करून तो खऱ्या माणसांवर तपासून पाहणे. हा शेवटचा प्रकल्प फार मोलाचा. मुलाने तो आपल्याच गावातल्या कांदाचाळीवर किंवा ठिबकच्या देखभालीवर केला, तर गावाचेही भले होईल.

कोठे शिकता येईल?

आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की, गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १ जुलै १९८९ रोजी त्याची स्थापना झाली. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, त्यापूर्वी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद. शिक्षक समोर नसताना पुस्तकानेच शिकवायचे, तर पुस्तक कसे लिहावे लागते, यावर तेथे पहिल्यापासून विचार झाला आहे. म्हणजे आपण ज्या शास्त्राविषयी बोलत आहोत, त्यावरच हे विद्यापीठ उभे आहे. शिक्षणशास्त्र आणि कृषिविज्ञान या दोन्ही विद्याशाखा तेथे आहेत. कृषी विज्ञान केंद्रही आहे. यंदा कोणत्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रवेश खुला आहे, ते विद्यापीठाची माहितीपुस्तिका पाहून किंवा प्रत्यक्ष जाऊन ठरवावे. पंचवटीला बाजारासाठी जातोच, तसे एक दिवस तिकडेही जावे.

इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राच्या एम.ए.मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञान हा विशेष विषय म्हणून घेता येत आला आहे. मात्र ते शिक्षण हिंदी-इंग्रजीतून असते. मुलींसाठी मुंबईला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या जुहू आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली लावलेले हे झाड. शेतकी पदवीधर कृषी खात्यात लागला, तर हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची कृषी विस्तार व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येते.

आणि एक पैसाही न भरता विषयाची गोडी आहे की नाही हे पाहायचे असेल, तर २०१७ साली केंद्र सरकारने सुरू केलेले 'स्वयम्' हे व्यासपीठ मोबाइलवर आहे. तेथे शिकणे विनामूल्य. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तरच शुल्क. मुलाने आधी तेथला एखादा छोटा अभ्यासक्रम पुरा करून दाखवावा, मगच मोठ्या फीचा विचार करावा, असे मी सुचवीन. एका गुंठ्यावर वाण पाहून मग एकरावर लावतो, तसे.

वेळेचा हिशेब आणि फोनचा प्रश्न

दूरशिक्षणात अभ्यास श्रेयांकांत मोजतात. एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरतात. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. वीस आठवड्यांत तो पुरा करायचा, तर आठवड्याला सहा तास. असे तीन-चार विषय एका वेळी असतील, तर रोजचे तीन तास आले. घरच्या कामाचा मेळ घालून हे जमेल का, ते आधी ठरवा. ऑक्टोबर छाटणी, डिसेंबर-जानेवारीतली कांदा लागवड, फेब्रुवारी-मार्चमधली द्राक्षाची काढणी, आणि त्याच सुमारास गृहपाठ देण्याची तारीख, अशी गाठ पडली की मूल मागे पडते. प्रवेश घेतानाच वर्षाचे वेळापत्रक मागून घ्या आणि पंचांगाशेजारी टांगा.

दुसरी गोष्ट बोलायला लहान, पण घरोघर अडचण करणारी. चांगला फोन घरात बहुधा एकच असतो आणि तो कर्त्या पुरुषाबरोबर सकाळी मळ्यात जातो. सून किंवा मुलगी शिकणार असेल, तर अभ्यासाच्या वेळी तो घरी राहील का? नाही राहिला, तर फी भरूनही शिक्षण होणार नाही. जुलै २०२० मध्ये, महामारीत शाळा बंद असताना, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. दूरचित्रवाणीचा संच घरात सर्वांचा असतो. फोन एकाचा असतो. ज्याच्या हाती साधन नाही त्याच्यापर्यंत धडा जाणार कसा, हा प्रश्न या शास्त्रातला पहिल्या पानावरचा आहे. त्याचे उत्तर आपल्या घरापासून द्यायला हवे.

पैसे भरण्यापूर्वी

कोणत्याही पदवीचा बाजार झाला की त्यात हलके बियाणे येतेच. म्हणून एवढे पाहा:

१. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव चालू वर्षासाठी आहे का? विद्यापीठ मान्य असले तरी प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतोच असे नाही.

२. फी विद्यापीठाच्या खात्यात जाते की कोणा मध्यस्थाच्या? मान्यताप्राप्त दूरशिक्षणात ठेका देऊन केंद्रे चालवायला परवानगी नाही. रोख घेऊन पावती न देणाऱ्याच्या दारात उभे राहू नका.

३. "घरबसल्या सहा महिन्यांत एम.ए." असे कोणी म्हटले, तर नमस्कार करून परत फिरा.

४. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काम किती आहे? पाठ तयार करणे, तपासणे, प्रकल्प हे नसेल, तर ते नुसते घोकणे.

५. पुस्तके आणि परीक्षा मराठीतून आहेत का? इंग्रजीतून असतील तर मुलाची तयारी आहे का?

मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी हलकी, असा एक समज आहे. तो काढून टाका. अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

नोकरी लागेल का?

हा प्रश्न आपण विचारणारच, आणि विचारावाही. स्पष्ट सांगतो. या पदवीने शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा हवी. नोकरीची हमी कोणी देत असेल, तर तो खरे बोलत नाही.

मात्र ज्याच्या हाती आधीच एक विषय आहे, त्याच्या विद्येला या अभ्यासाने धार येते. शेतकी पदवीधराला शेतकऱ्यांचे प्रशिक्षण नीट आखता येते. शिक्षक असेल तर वर्गात फरक पडतो. शेतकरी उत्पादक कंपन्या, ठिबकचे उत्पादक, सेवाभावी संस्था, बचतगटांचे प्रकल्प या सर्वांना शिकवण्याचे साहित्य लागते आणि ते मराठीत चांगले लिहिणारी, आखणारी माणसे लागतात. नुसता संगणक येणारे पुष्कळ आहेत, नुसती शेती येणारेही पुष्कळ. दोन्ही येऊन शिवाय शिकवता येणारे थोडे आहेत.

यात आपल्या घराच्या पलीकडचाही एक प्रश्न आहे. हल्ली फोनला मराठीत विचारले की तो मराठीत उत्तर देतो. करप्याचे औषध विचारा, सांगतो. ते आपल्या जमिनीला, आपल्या पाण्याला आणि निर्यातीच्या द्राक्षातील औषधांच्या अंश-मर्यादेला धरून आहे की नाही, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. काढणी किती दिवसांवर आली आहे, हे तो विचारीलच असेही नाही. चुकला तर कंटेनर परत येईल तो आपला. असे धडे आणि अशी उत्तरे यापुढे वाढतच जाणार. ती कोणी तरी तयार करणार, कोणी तरी तपासणार. ज्याने कांद्याचा वाफा कधी पाहिला नाही, त्याच्या हाती हे सारे सोपवायचे, की दव पडलेल्या बागेत पहाटे उभी राहिलेली आपली मुले त्यासाठी तयार करायची, हे आपण ठरवायचे आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. आपण शेतात रोज करता ते एखादे काम निवडा. कलम बांधणे, दूध काढणे, बियाण्याला औषध चोळणे, काहीही. ते काम शेजारच्या नवख्या माणसाला मोबाइलच्या मदतीने शिकवून दाखव, असे सांगा. दोन दिवसांनी त्या शेजाऱ्याने ते काम एकट्याने केले, तर आपल्या घरात शिक्षक आहे असे समजा आणि प्रवेशाची चौकशी करायला नाशिकला निघा.